महालाची हद्द कुठवर? जुन्या नागपूरच्या ओळी, पुरे आणि वाडे

महालकर

नागपुरात कोणालाही विचारा, जुन्या शहरातली महाल वस्ती कुठं आहे? तो हात लांब करून दाखवेल. महाल संपतो कुठं, हे मात्र विचारू नये. बडकस चौकातला माणूस म्हणतो, गांधी गेटच्या बाहेर पाय टाकला की संपला. तुळशीबागेतला म्हणतो, पार रेशीमबागेपर्यंत आमचंच. गांधीबागेतले लोक तर लग्नपत्रिकेवर ‘महाल’ छापतात आणि दुकानाच्या पाटीवर ‘इतवारी’.

शाळेत शिकलेलं आधी मांडून टाकतो, म्हणजे त्यात प्रतिसाद खर्च होणार नाहीत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं बारा वस्त्या एकत्र करून १७०२ मध्ये शहर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं तट बांधला, दरवाजे केले, जुम्मा तलाव केला. जुने लोक त्याला शुक्रवारी तलाव म्हणतात, कागदोपत्री आता गांधीसागर. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला, गादीवरून घरात जुंपली, मदतीला बोलावलेले रघुजी भोसले इथलेच झाले आणि नागपूर भोसल्यांची राजधानी झालं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नाही म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा वाचला. नगरपालिका आली तीही १८६४ मध्येच. राजवाडा गेला आणि पालिका आली, एकाच वर्षात!

यापुढं आपला स्थानिक इतिहास एकदम उडी मारतो. १९२५ मध्ये महालात संघ, १९५६ मध्ये दीक्षाभूमी, मग हिवाळी अधिवेशन. मधल्या गल्ल्यांत माणसं राहत होती की नाही? कोणत्या ओळीत कोणतं काम चालायचं, कोण कुठून येऊन वसलं, पाणी कुठून भरायचे, भांडणं कशावरून व्हायची? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा. फक्त ‘काय ते दिवस होते’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया चहा घेऊन शांत बसा.

इतवारीवाला

महालकरांनी धागा काढला म्हणजे इतवारी ‘इतर परिसर’ या कोपऱ्यात जाणार हे ठरलेलंच होतं. राजा तुमच्याकडं होता, मान्य. पण राजाला उधार देणारे आमच्याकडं होते.

हद्दीचं भांडण मला पटत नाही, कारण जुनं शहर हद्दीनं चालतच नव्हतं, बाजारानं चालायचं. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही सगळी बाजाराच्या वारांवरून पडलेली नावं. खेड्यावरचा माणूस बैलगाडी घेऊन कोणत्या दिवशी कुठं जायचं हे त्यावरून ठरवायचा. बाजार उठला की गाडी परत, पण दोन-चार दुकानदार तिथंच राहिले, त्यांच्या मागं हमाल आले, हमालांच्या मागं खानावळ आली, आणि वस्ती झाली. इतवारीत अजूनही फिरून बघा. सराफा एकीकडं, किराणा ओळ एकीकडं, मस्कासाथ, धान्याची गोदामं, भांड्यांची दुकानं. एकाच मालाची पन्नास दुकानं शेजारी शेजारी का, असं नवे लोक विचारतात. अहो, गिऱ्हाइकाला भाव काढायला सोपं जातं म्हणून. आणि उधारी बुडवून पळालेला शेजारच्या दुकानात गेला तर लगेच कळतं, हा दुसरा फायदा.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि इतवारीचा व्यापार सुसाट निघाला. महाल तेव्हाही वाड्यातच बसून होता.

महालकर

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं मान्य.

जुम्मा_दरवाजा

हद्दीसाठी तट हीच कसोटी धरा, म्हणजे निकाल लागतो. आज ज्याला आपण गांधी गेट म्हणतो तो तटाचा जुम्मा दरवाजा. रोज त्याच्याखालून ऑटो, ई-रिक्षा, शाळेच्या व्हॅन जातात, पण या दरवाज्यावर काय झालं हे दहांतल्या नऊ नागपूरकरांना माहीत नाही. सीताबर्डीची लढाई सगळ्यांना ठाऊक असते, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. त्यानंतर १६ डिसेंबरला आप्पासाहेब भोसले इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या हवाली झाले, त्याच दिवशी सक्करदऱ्याच्या बाजूला पुन्हा लढाई झाली आणि फौज मोडली. पुस्तकात इथं धडा संपतो.

शहर मात्र पडलेलं नव्हतं. आप्पासाहेबांच्या चाकरीत अरब शिपाई होते, ते तटाच्या आत राजवाड्याच्या आसऱ्यानं बसले. थकलेला पगार द्या, मग बघू, असा त्यांचा पवित्रा. इंग्रजांनी तोफा लावल्या आणि २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर हल्ला चढवला. तो हल्ला फसला. शेवटी बोलणी झाली आणि ३० डिसेंबरला अरब शहर सोडून गेले. राजा शरण गेल्यावरही दोन आठवडे महाल लढत होता, आणि लढणारे होते अरबस्तानातून आलेले पगारी शिपाई. या लढाईचा एक फलक दरवाज्यापाशी लागला तर कोणाचं काय बिघडेल?

खालसा झाल्यावरचा प्रकार तर अजून कडू. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावात काढले, मातीमोल भावानं. जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा राज्य सरकारनं ४७ लाखांच्या वर रुपये मोजून ती परत आणली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण जे इथं जागेवर उभं आहे त्याच्यावर आपण निवडणुकीचे फ्लेक्स लावतो.

संत्रासाल

+१. फ्लेक्सबद्दल विशेष +१.

धोटा

मी कोष्टी. आमचा आजा-पणजा मागावर बसला, बाप गिरणीत गेला, मी बँकेत. पण घरात जे बोलतात तसंच लिहितो, शुद्धलेखनवाल्यांनी डोळे झाका.

महाल-इतवारी तुमची चालू द्या. पण भाऊ, नाईक तलाव, तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक, टिमकी हे जुनं नागपूर नाही काय? तिकडं कोणी कॅमेरा घेऊन वारसा पाहाले येत नाही. काहून, तर वाडे नाहीत न आमच्याकडं. आमच्याकडं मातीच्या भिंतीचं घर, अन् घराच्या मधात खड्डा. खड्ड्यात पाय सोडून माणूस मागावर बसे. सकाळी पाखरं उठायच्या आधी खटखट सुरू. बाहेरचा माणूस पाहुणा आला त त्याले झोप लागे ना, अन् आमाले आवाज बंद पडला की झोप उडे.

एक माणूस लुगडं विणते असं लोकायले वाटते. नाही. पूर्ण घर विणे. बाया रहाटावर कांड्या भरत. पोट्टे शाळेतून आले की सूत उकलत. अन् ताणा (मागावरचं उभं सूत) तयार कराचा म्हणजे घरात जागाच नाही पुरत, मंग तो गल्लीत ताणत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत पसरलेलं, दोघं जण कुंचा घेऊन खळ लावत चालले. सायकलवाला आला त खाली उतरून बाजूनं जाये, शिवी नाही देये. ढग दिसले की पूर्ण गल्लीत धावपळ. ज्याचा ताणा असे तो तर धावेच, ज्याचा नसे तो पण धावे. शेजारधर्म वगैरे मोठे शब्द कोणी वापरत नव्हतं, उद्या आपला ताणा राहणार हे डोक्यात असे.

पैसा मात्र कधीच आपला नव्हता. सूत इतवारीच्या शेठचं, लुगडं पण शेठचंच. मजुरीत त्यानं अंगावर दिलेली उचल कापली जाये. (इतवारीवाले, ‘उधार देणारे आमच्याकडं’ म्हणता नं, हे पण लिहा त्याच्यात.) १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, मंग मॉडेल मिल आली, गिरणीचं कापड स्वस्त झालं, अन् माग एकेक करून बंद. काही लोक त्याच गिरणीत कामाले गेले. ज्यानं आपला धंदा खाल्ला त्याच्याच दारात नोकरी. बाप म्हणे, निदान महिन्याच्या महिन्याले पगार होते नं बापा.

आता राहिली आमच्या सावजी रश्श्याची गोष्ट. पुण्या-मुंबईत ‘नागपुरी सावजी’ म्हणून जे लाल तेल देतात ते खाऊन लोक आम्हाले शिव्या देतात. घरच्या सावजीत तिखटापेक्षा मसाल्याचं काम जास्त. दिवसभर मागावर बसून आलेला माणूस अन् हातात थोडंसंच मटण. रस्सा लांबवल्याशिवाय घरात पुरतच नव्हता. म्हणून रस्सा असा दमदार करत का पोळी-भाकर त्याच्याच जोरावर जाये. आज त्याच रश्श्याचे तीनशे रुपये घेतात.

पुण्यातली_नागपूरकरीण

धोटा, गल्लीतल्या ताण्याचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. आता थोडं वाड्यांबद्दल मीही लिहिते, कारण वाड्यांवर फार गहिवर चालतो आणि तो बहुतेक मालकांच्या नातवांचा असतो.

आम्ही महालात एका वाड्यात भाड्यानं राहायचो. मधे चौक, भोवती खोल्या, सात-आठ बिऱ्हाडं. सागवानी खांब, नक्षीचे सज्जे, सगळं खरं आहे. पण नळ एक आणि तो सकाळी येणार. नळाला नंबर लावणं हे मुलींचं काम, कारण मुलं क्रिकेट खेळायला गेलेली. संडास मागच्या बाजूला, रात्री जायचं तर आईला उठवायचं आणि आईनं कंदील घ्यायचा. पावसाळ्यात कवेलूंतून (कौलांतून) गळायचं, उन्हाळ्याच्या आधी कवेलू चाळायला माणूस बोलवायचा की नाही यावर मालक आणि भाडेकरू यांचं दरवर्षी ठरलेलं भांडण. मालकाला त्या भाड्यात परवडायचं नाही हेही तितकंच खरं. वर्षानुवर्षं भाडं तेच. त्यामुळं तो दुरुस्ती करत नसे, आम्ही जागा सोडत नसू, आणि वाडा दोघांच्या मधे हळूहळू खचत गेला. बिल्डर फार नंतर आला.

चांगलंही होतंच. मे महिन्यात सगळ्या बिऱ्हाडांचे पापड आणि सरगुंडे एकाच चौकात. कोणाची कोणती परडी हे विचारायची वेळ यायची नाही. रात्री सगळे गच्चीवर किंवा चौकात बाजा टाकून झोपायचे, आणि नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हे सांगायला नको. पण बायकांना उघड्यावर झोपताना साडी पायाशी खोचून झोपावं लागायचं. त्या गच्चीची आठवण माझ्या भावाला वेगळी आहे आणि मला वेगळी.

आईला प्रतापनगरात दोन खोल्यांचं घर मिळालं तेव्हा ती आधी स्वयंपाकघरातला नळ उघडून उभी राहिली. तिला महालाची आठवण येते का विचारलं तर म्हणते, रुक्मिणी मंदिराची येते, वाड्याची नाही.

महालकर

तुम्ही मालकांच्या नातवांना टोमणा मारलात, तो मला बरोबर लागला आहे. पण बरं झालं लिहिलंत.

प्रतापनगर आलंच आहे तर सांगतो. वाडे सोडून बाहेर पडणं हे अलीकडचं नाही. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला तेव्हापासून शहर आखीव लेआउटमध्ये पसरायला लागलं. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ इथं आधी वकील, डॉक्टर, प्राध्यापक गेले. वाड्यातला शिकलेला मुलगा पहिला बाहेर पडायचा, म्हातारे आणि दुकान मागं राहायचं. संस्थाही गेल्या. स्टीफन हिस्लॉपनं १८४० च्या दशकात इथं मिशनचं शिक्षण सुरू केलं. १८८३ मध्ये त्याच्या नावानं कॉलेज निघालं, तेही आधी महालातच होतं. पुढं ते सिव्हिल लाइन्सला गेलं. म्हणजे एके काळी कॉलेजला जाण्यासाठी लोक महालात यायचे. आता महालातले पोट्टे कॉलेजसाठी मेट्रो पकडतात.

भालदारपुरा

बराच वेळ नुसता वाचत होतो. लिहावं की नाही असं चाललं होतं, कारण आमच्या भागाचं नाव हल्ली लोक एकाच कारणासाठी काढतात. १७ मार्च २०२५ च्या रात्री महाल, हंसापुरी, भालदारपुरा इथं जी दंगल झाली आणि त्यानंतर जी संचारबंदी लागली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्यावर इथं वाद नको, मला इतिहासात ही रात्र एकटीच नको एवढंच म्हणायचं आहे.

आमच्या घरात मराठी आणि दखनी-हिंदी दोन्ही. भोसल्यांचे भालदार-चोपदार या भागात राहायचे असं थोरले सांगत. मोमीनपुऱ्यातले विणकर उत्तरेतून आले, त्यांच्याकडं १८५७ च्या धामधुमीनंतरचं स्थलांतर अजून घरोघर सांगतात. कामठीतही तेच लोक. म्हणजे धोटा भाऊंचा आणि त्यांचा धंदा एकच होता, शेठही बऱ्याचदा एकच. दोघांच्या गल्ल्यांत सारखाच खटखट आवाज.

सूफी संत ताजुद्दीन बाबांचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचं नवल वाटलं. बाबांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, तिथून त्यांना आपल्या जबाबदारीवर सोडवून भोसल्यांच्या वंशातल्या राजे रघुजीरावांनी सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा तिथंच वारले. ताजबागेत, बाबांच्या दर्ग्यावर, उरुसाला आजही कोण कोणत्या धर्माचा हे बघायला कोणाला सवड नसते, गर्दीच तेवढी असते. आणि शहर वसवणारा बख्त बुलंद गोंड होता, मुसलमान झाला होता, राजधानी मराठ्यांनी केली. आता सांगा, मूळचा नागपूरकर शोधायचा तर कुठून सुरू करायचं?

जुम्मा_दरवाजा

भालदारपुरा, लिहीत राहा. तुमच्या भागातल्या जुन्या विहिरी आणि मशिदींची माहिती असेल तर तीही द्या, माझ्याकडं तिथला कागद एकही नाही.

संत्रासाल

मारबतीशिवाय या धाग्याला नागपूरचा धागा म्हणता येणार नाही. बाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तेली समाजाची. दोघी इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात, तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. काळीचा संबंध बाकाबाईशी जोडतात. ती दुसऱ्या रघुजींची राणी, तिनं इंग्रजांशी जुळवून घेतलं याचा राग लोकांनी पिढ्यान् पिढ्या पुतळा जाळून काढला. १८५७ मध्येही तिनं इंग्रजांचीच बाजू धरली होती, ती वारली १८५८ मध्ये. आता तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हा प्रश्न त्या दिवशी गर्दीत विचारू नये, एवढा सल्ला.

खरी गंमत बडग्यांची. मारबतींच्या मागं पोरांनी केलेले बडगे म्हणजे पुतळे, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, डासांचे रोग, एखादा पुढारी, कोणताही देश. पाटीवर मजकूर असा की वर्तमानपत्राला छापायची सोय नाही. आणि आरोळी, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ खोकला, ताप, गोवर, सगळं घेऊन जा. करोनाच्या वर्षी मिरवणूक निघाली नाही आणि आमची आजी म्हणाली, ज्या वर्षी गरज होती त्याच वर्षी काढली नाही.

पुण्यातली_नागपूरकरीण

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर ‘बोजारा’ (खाऊ-पैसे) मागायला आम्ही मुलीही जायचो. आमच्या गल्लीत कोणी अडवलं नाही. लिहून ठेवते, नाहीतर पुढं कोणीतरी म्हणेल की हा फक्त मुलांचा सण.

सायरन

माझे वडील एम्प्रेसमध्ये होते. धोटा यांनी गिरणीची एक बाजू लिहिली, मी दुसरी लिहितो.

जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची जागा घेतली तेव्हा ती दलदलीची होती, भरणी घालावी लागली. एका स्थानिक सावकारानं पैसे द्यायला नकार दिला आणि म्हणाला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय. पुढं गिरणी चालली तेव्हा त्याच सावकारानं कबूल केलं म्हणे, की यानं माती घातली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीनं सम्राज्ञी पदवी घेतली त्याच दिवशी सुरुवात, म्हणून नाव एम्प्रेस.

गणेशपेठ, बजरिया, गाडीखाना, महालाचा अर्धा भाग, सगळं गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. घड्याळ घरात असलं तरी ते भोंग्यावर लावायचे. पहिल्या भोंग्याला डबा भरायचा, दुसऱ्याला माणूस घराबाहेर. पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरायचा आणि त्यांच्या केसांत कापसाचे तंतू. कामगारांना भविष्य निर्वाह निधी, बायकांच्या मुलांना पाळणाघर हे एम्प्रेसमध्ये देशातल्या बहुतेक ठिकाणांच्या कितीतरी आधी आलं. वडिलांना त्याचा अभिमान होता. खोकलाही त्यांना तिथलाच लागला. दोन्ही एकाच माणसाचं आहे, त्यातलं एक काढून दुसरं सांगता येत नाही.

भोंगा बंद पडला तेव्हा पहिले काही महिने वडील त्याच वेळेला उठून चप्पल घालून दारात उभे राहायचे. आता त्या जागेवर इमारती आणि मॉल. नाव मात्र एम्प्रेस ठेवलं आहे, हिशेब चोख!

इतवारीवाला

धोटा भाऊ, शेठच्या उचलीचं लिहा म्हणालात. आमच्या आजोबांच्या वह्या होत्या, मोडी लिपीतल्या, लाल कापडात बांधलेल्या. त्यात विणकरांची नावं, उचल, किती लुगडी जमा, किती बाकी. काही नावांपुढं बाकी बापाची मुलाच्या नावावर ओढली आहे. आजोबा देवभोळे होते, रामनवमीला पंगत घालायचे, आणि वहीही तीच होती. वह्या घर विकताना रद्दीत गेल्या. इतिहास लिहायचा तर त्या हव्या होत्या.

जुम्मा_दरवाजा

रद्दीत?! इतवारीत अजून कोणाकडं अशा वह्या असतील तर हात जोडून सांगतो, विकू नका. फोटो काढून द्या, मोडी वाचणारे आम्ही दोघं-तिघं आहोत, फुकट वाचून देऊ.

केळीबाग_रोड

रुंदीकरणात अर्धं घर गेलेल्यांपैकी मी एक. कोतवाली ते बडकस चौक रस्ता अरुंद होता, सणाच्या दिवसांत अॅम्ब्युलन्स शिरायची नाही, हे कबूल. आम्ही स्वतः आजोबांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं आहे. पण घराचं समोरचं दालन कापलं गेलं तेव्हा ओटाही गेला. आता दार थेट रस्त्यावर उघडतं. ओट्यावर संध्याकाळी जे चार म्हातारे बसायचे ते आता कुठं बसतात? दोघं गेले. एक बेसा रोडला मुलाकडं. चौथे माझे वडील, ते गॅलरीत बसून खालच्या गाड्यांचे नंबर वाचतात.

मोबदल्याचं लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

महालकर

नवीन कोणी धागा शेवटून वाचत असेल तर सांगतो: हद्दीचा निकाल लागलेला नाही. तटवाले, बाजारवाले आणि गिरणीच्या भोंग्यावाले असे तीन पक्ष झालेत. माझं मत आता भोंग्याकडं झुकतं आहे. ज्या गल्लीपर्यंत एक आवाज पोचायचा तिथपर्यंत एक वस्ती, हे मला तटापेक्षा पटतं. धोटा म्हणतील, आमच्याकडं मागाचा आवाज होता. तेही बरोबर.

एक विचारायचं राहिलं. अनंत चतुर्दशी झाल्यावर आमच्याकडं सण संपत नाहीत. पितृपक्षात हडपक्या गणपती बसतो, बाहेरगावच्यांना हे सांगितलं की ते थट्टा समजतात. सीनियर भोसला पॅलेसमध्ये १७८७ पासूनची ही परंपरा, खंडोजी भोसले म्हणजे चिमणाबापू बंगालच्या मोहिमेवरून जिंकून आले तोवर घरचे गणपती उठले होते, म्हणून पुन्हा बसवला. मस्कऱ्या गणपतीही म्हणतात, कारण त्याच्यासमोर लावण्या, खडी गंमत (इकडचं लोकनाट्य), नकला चालायच्या. खडी गंमतवाले अजून कुठले येतात, कोणाला माहीत आहे का? मला त्यांच्या एका शाहिराशी बोलून ते इथं टाकायचं आहे.

धोटा

खडी गंमतचे फड अजून भंडारा, मौदा, कुही या बाजूले आहेत. डफ, टुणटुण्या, नाच्या, सगळं असते. माह्या साडभावाची त्यायच्याशी ओळख आहे, विचारून सांगतो. पण भाऊ, तुम्ही शाहिराले फोन करसान तर दुपारी नका करू, ते शेतात राहते. रात्री आठच्या नंतर.

महालकर

चालेल. मी शनिवारी चितारओळीत जाणार आहे, तिथल्या मूर्तिकारांकडून हडपक्याच्या मूर्तीबद्दल विचारायचं आहे. ज्यांना यायचं त्यांनी चितार ओळ मेट्रो स्टेशनखाली सकाळी नऊला भेटा. गाडी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही.

संत्रासाल

तर्री पोहे कोण देणार ते आधी ठरवा.